पहिलं कालव

आमच्या गावी खाडीत कालवं काढायला गेलं की पहिलं कालव तिथंच दगडावर बसून कच्चं खायचं, आणि एकट्यानं कधी खायचं नाही, असा रिवाज. आई लवकर गेली, त्यामुळे दुसरं माणूस म्हणजे मीच. वडील कोयतीनं दोन शिंपले उघडत, वर कोकमाचं आगळ शिंपडत, एक माझ्या हातात देत.

पुढे नोकरीसाठी मी नाशकात आले, सिडकोत खोली घेतली. माझा स्वभाव भांडल्याशिवाय अन्न न पचणारा, आणि इथे भांडायलासुद्धा कुणी नाही. म्हणून यकृत बिघडल्यावर वडील उपचारासाठी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

कालवांचं मीच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खाडीच्या कोमट पाण्यात एक जिवाणू वाढतो. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं, म्हणून तो त्याच्यात साठतो. धडधाकट माणसाचंसुद्धा पोट बिघडतं. यकृत अधू असलं तर तो रक्तात उतरतो आणि माणूस हाती लागत नाही. खायचीच तर चांगली शिजवून.

रिक्षात वडील फणकारले, "त्याला काय ठावं? आगळात जंतू जगतो होय?"

आमच्याकडे हीच समजूत. पित्त असो, मासळी असो, सगळ्यावर आगळ.

शिमगा झाल्यावर गावच्या शेजाऱ्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर कालवांची ओली गोण पाठवली. सकाळी ती स्टँडवरून आणली, "मी आल्यावर शिजवते, हात लावू नका," असं बजावलं आणि ऑफिसला गेले. तिथं कशातच लक्ष लागेना. कोयती घरातच राहिली होती.

संध्याकाळी दार उघडलं तर वडील गॅलरीत. पुढ्यात ताटली, ताटलीत दोन उघडे शिंपले, आगळ शिंपडलेले.

"खाल्लंत?" मी अशी ओरडले की शेजारच्या सिन्नरच्या काकू धावत आल्या. "काय झालं वो ताई? आन् हे दगडं कशाला आणले घरात?"

वडील शांतपणे म्हणाले, "एकट्यानं कसं खायचं गो? तुझीच वाट बघत बसलोय."

डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं नव्हतं, माझंही नाही. रिवाज तेवढा पाळला होता, आणि त्यानंच ते वाचले होते. मी ताटली उचलली आणि दोन्ही कालवं उकळत्या पाण्यात टाकली. ते बघत राहिले.

"आता दोघं असून पण नाय खायचं?"

गॅसकडे तोंड करून मी रडून घेतलं. जेवताना ते म्हणाले, "चपलेचा तळ शिजवलास." तेवढ्यावरून आमचं भांडण झालं, आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर ते काही वर्षं जगले. शेवटी जुन्या दुखण्यानंच गेले.

गोण अजून येते. माझं यकृत ठणठणीत आहे. एखादं कच्चं खाल्लं तर ओरडायलाही कुणी नाही. मी कोयतीनं एक उघडते, सवयीनं दुसरंही, आणि ताटलीत ठेवून थोडा वेळ बसते. मग दोन्ही पातेल्यात टाकते. एकट्यानं खायचं नसतं.