थोरल्या दिरांचा सर्व्हर

माझे थोरले दीर को तुंग-मिंग यांच्याइतका निरुपयोगी आणि इतका नीटनेटका माणूस मी तैवानातल्या आमच्या सबंध ताइनान शहरात दुसरा पाहिलेला नाही. निरुपयोगी माणसे पुष्कळ असतात, पण ती निदान गबाळी असतात, त्यामुळे लांबूनच ओळखू येतात. आमच्या भाऊजींच्या खिशाला चार रंगांची पेने, शर्टाला कडक इस्त्री आणि प्रत्येक बोलण्याची सुरुवात "पहिला मुद्दा" अशी. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, दुसरा मुद्दा मी अजून ऐकलेला नाही.

जमिनीच्या सरकारी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षे काढली. काम काय, तर लोकांनी आणलेले अर्ज बरोबर फायलीत लागले आहेत की नाही ते बघायचे आणि नसले तर माणसाला परत पाठवायचे. शेवटी शेवटी उपविभागप्रमुख झाले. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा कचेरीने सुटकेचा श्वास टाकला असेल, आणि आमचा कोंडला.

पहिल्याच महिन्यात त्यांनी कागदाला प्लास्टिकचे आवरण चढवायचे यंत्र आणले. मग जिन्यात पाटी लागली, "चपला एका रांगेत ठेवाव्यात." फ्रिजवर लागली, "उरलेल्या भातावर तारीख लिहावी." मी विचारले, भाऊजी, भातावर तारीख लिहायची कशी? ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली, "उरलेल्या भाताच्या डब्यावर." माझा नवरा तुंग-युआन म्हणाला, "असू दे गं, थोरला आहे." आमचे चार मजली घर याच एका वाक्यावर उभे आहे.

तळमजल्यावर सासूबाईंची खोली आणि माझे बारा सुयांचे भरतकामाचे मशीन. मी देवळांसाठी काम करते. पडदे, देवापुढच्या टेबलाची झालर, मिरवणुकीतली निशाणे. नक्षी सगळी माझ्या वडिलांची. त्यांनी चाळीस वर्षे हाताने काढलेली. मूळ कागद वाळवीने खाल्ले, पण त्याआधी मी एकेक नक्षी टाका मोजून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. अकरा वर्षे लागली. तेराशे बारा फायली. वडिलांचा ड्रॅगन जेवून उठलेल्या माणसासारखा समाधानी दिसतो, दात विचकत नाही, त्यामुळे कुठल्याही देवळात तो मला दुरून कळतो. माझे पोट त्या फायलींवर चालत होते आणि वडिलांचे म्हणून जे काही शिल्लक होते ते तेवढेच होते.

मागच्या वसंतात भाऊजी कुठल्याशा शिकवणीला जाऊन आले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"पहिला मुद्दा. या घरात पाच कॉम्प्युटर आहेत आणि पाचांत पाच संसार. हे एकत्र कुटुंब आहे की धर्मशाळा? सगळ्यांच्या फायली एका ठिकाणी ठेवायच्या. घरचा सर्व्हर. ज्याला जे हवं ते त्याने आपल्या खोलीतून उघडावं."

"माझ्या फायली मला माझ्या खोलीत सापडतात," मी म्हटले.

"तुला सापडतात, रुई-चेन. बाकीच्यांना सापडतात का?"

"बाकीच्यांना ड्रॅगन कशाला हवाय?"

"आता तत्त्वाचं बोलतोय मी," भाऊजी म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या वाडग्यात मांसाचा तुकडा घातला आणि विषय संपला.

भाताच्या कुकरएवढे ते यंत्र, आत दोन डिस्क. भाऊजींनी ते सगळ्यात वरच्या मजल्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवले, कारण देव्हाऱ्याचे लाल दिवे कधी विझत नाहीत, म्हणून तिथले बटण कोणी बंद करत नाही. एवढी एक अक्कल मी त्यांच्या पदरात घालते. पण तिथपर्यंत वायर न्यायला त्यांनी भिंतीला भोक पाडले ते नेमके आमच्या न्हाणीघराच्या नळात. दोन दिवस आम्ही खालून बादल्या वाहिल्या. भाऊजींनी फुटलेल्या नळाचा फोटो काढला आणि "दुरुस्ती" नावाच्या फोल्डरात ठेवला. मग पंचांगातला चांगला दिवस पाहून यंत्र सुरू झाले. पुढे फळे, आणि यंत्राने गुणी लेकरासारखे वागावे म्हणून आमच्याकडे सगळेच आपापल्या यंत्रावर ठेवतात ते खाऊचे हिरवे पाकीट, तारीख न उलटलेले. या बाबतीत भाऊजी कधी चुकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात नवी पाटी, चौकटी आखलेली. कोणाला कोणत्या फायली बघता येतील, कोणाला लिहिता येतील, कोणाला पुसता येतील. नणंद लग्न होऊन गेलेली, म्हणून तिला फक्त बघण्याची मुभा. माझ्या नवऱ्याला आमच्या फोल्डरात लिहिण्याची. मी नवऱ्याच्या नावाखाली. पुसायचे असेल तर भाऊजींना विचारायचे. भाऊजींना सगळे अधिकार. आणि त्यांच्याही वर, लाल अक्षरांत, सासूबाई. घरातली कुठलीही फाईल बघणे, लिहिणे, पुसणे.

"आईंना कशाला?" मी विचारले. "आई एकोणऐंशीच्या आहेत. त्या फोनवर नुसते पत्ते खेळतात."

भाऊजींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी जेवणाच्या ताटात पाय दिला होता.

"म्हणजे आईला माझ्या खाली ठेवू? जन्म दिला तिने मला."

"सर्व्हरला नाही ना दिला."

"रुई-चेन, तुझ्या माहेरी चालत असेल असं."

माहेर काढले की मी गप्प बसते, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी सासूबाईंसाठी वर देव्हाऱ्यापाशी एक जुना कॉम्प्युटर मांडून दिला, अक्षरे मोठी करून दिली आणि आठवडाभर शिकवले. सासूबाई काही साध्यासुध्या नाहीत. मासेमारीच्या जाळ्यांच्या कारखान्यात त्यांनी गोदाम सांभाळले होते. भाऊजींना स्वतः शिकायला जितके दिवस लागले त्याच्या निम्म्यात त्या शिकल्या.

माझ्या फायली मी वर चढवल्या, पण माझ्याही कॉम्प्युटरवर राहू दिल्या. भाऊजींना ते बघवेना. "दोन डिस्क आहेत वर. एक मेली तर दुसरीत तेच असतं. मग तुझ्याकडे ही तिसरी प्रत कशाला? एक वस्तू, एक जागा." मी नाही म्हटले. महिन्याभराने मी आनपिंगच्या एका देवळात पडदा पोचवायला गेले होते, तेव्हा त्यांनी येऊन माझा कॉम्प्युटर "आवरला". दार उघडून दिले माझ्या नवऱ्याने. मी परत येऊन भांडले, तर तो म्हणाला, "वर आहेत ना सगळ्या? मग झालं. थोरला आहे." खोटे कशाला बोलू, आठ महिने सगळे सुरळीत चालले. वरची फाईल खाली मशीनपाशी पटकन उघडायची. मीही निर्धास्त झाले, आणि तिथेच माझे चुकले.

आमच्या चांद्र वर्षाच्या बाराव्या, म्हणजे शेवटच्या महिन्याच्या चोविसाव्या तिथीला देव वर्षाचा हिशोब सांगायला स्वर्गात जातात, आणि तेवढ्याच दिवसांत देव्हाऱ्याला हात लावून साफसफाई करता येते. त्या सकाळी सासूबाई बादली आणि फडकी घेऊन वर गेल्या, त्या जेवायच्या वेळेला खाली आल्या. दमल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होते. दुसऱ्या दिवशी मी ड्रॅगनची जोडी उघडायला गेले. नव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातल्या मिरवणुकीसाठी एका देवळाचा मोठा पडदा द्यायचा होता, तो शब्द मी दिलेला होता. फोल्डर रिकामे. तेराशे बारापैकी एकही नाही.

मी जिन्यातूनच ओरडत वर गेले. भाऊजी मागोमाग आले, चष्मा पुसून बसले आणि यंत्राने ठेवलेली नोंद उघडली. कोणी, कधी, काय केले, ते सगळे त्यात असते. नाव एकच होते. आई. सकाळी आठ वीस ते अकरा चाळीस. एकामागून एक फाईल पुसलेली. आणि सगळ्यात खाली शेवटची ओळ, कचऱ्याची टोपली रिकामी केली.

"टोपलीसुद्धा?" मी म्हटले.

"कचरा घरात मुक्कामाला ठेवायचा नाही, ही सवय आहे तिची," भाऊजी पुटपुटले. "गाडीचं गाणं वाजलं की ती पहिली रस्त्यावर असते."

"दोन डिस्क होत्या ना? एक मेली तर दुसरीत तेच?"

"तेच आहे. दोन्हींत रिकामंच आहे."

मग त्यांना एकदम आठवले. त्यांच्या टेबलाच्या खणात एक वेगळी डिस्क होती, त्यात ते सगळ्या घराची जादा प्रत काढून ठेवत. त्या क्षणी मी त्यांची सगळी पापे माफ करायला तयार होते, पाट्यांसकट. डिस्क जोडली. पहिले फोल्डर पूर्वजांचे. मग सासूबाईंचे. मग तुंग-मिंग यांचे, त्यात प्रशस्तिपत्रे, निरोपसमारंभ, आणि होक्काइदोच्या सहलीत बसच्या खिडकीतून काढलेले तासन् तास चित्रण. सहाव्या दिवशीच्या बर्फापाशी डिस्क भरली होती. धाकट्या भावाची पाळी आलीच नव्हती.

"तुम्ही ओळीने घेत होता? मानाप्रमाणे?"

"मग कसं घेणार? दुसरी डिस्क घ्यायची होती. यादीत आहे."

मी त्या माणसाच्या तोंडावर थुंकले नाही, एवढेच. तो म्हणाला, तुला बरे वाटेल असे काही करतो, आणि त्याच दुपारी त्याने सर्व्हरची सगळी मांडणी पुसून नव्याने केली. दोन दिवसांनी डिस्क दुकानात नेल्या तर दुकानदार म्हणाला, पुसलेले एखादे वेळी काढता आले असते, पण तुम्ही त्यावर सगळे नवे लिहून बसलात, आता काय काढू? भाऊजींनी त्याचे कार्ड घेऊन नीट पाकिटात ठेवले.

घरी येताना स्कूटर थांबवून ते म्हणाले, "आईला सांगू नकोस. सण तोंडावर आलाय. तिला कळलं तर ती अन्न सोडेल."

"मग तुम्ही सांगा सगळ्यांना, चूक तुमची होती म्हणून. अधिकार तुम्ही दिलेत. माझी प्रत तुम्ही पुसलीत."

"मशीन बिघडलं म्हणू या ना," ते म्हणाले. "कुणाचंच नाव नको."

छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि स्वतःचे नाव घ्यायला भीत होता. मला त्यांचा राग येत नव्हता, राग यायलाही समोर माणूस लागतो. मी ठरवले, वर्षअखेरच्या जेवणाला सगळ्यांसमोर बोलायचे. कोणाचे अन्न सुटो की राहो. तीन दिवस मी आनपिंगच्या जुन्या पडद्याचा फोटो समोर ठेवून वडिलांचा ड्रॅगन पुन्हा काढत होते आणि मनात वाक्ये जुळवत होते. ड्रॅगन दात विचकत होता. वाक्ये मात्र चांगली जुळली होती.

त्या संध्याकाळी टेबल भरलेले. मध्ये उकळते भांडे, अख्खा मासा, लांब पानांची भाजी. भाऊजी, जाऊबाई, माझा नवरा, मी, आणि मुख्य जागेवर सासूबाई. मी घसा साफ केला. पण आधी सासूबाईच बोलल्या.

"यंदा साफसफाई माझ्या मनासारखी झाली. देवघर तर झालंच, पण त्या मशीनच्या आतसुद्धा झाडून काढलं मी. किती खराब झालेल्या फायली साठवल्या होत्या रे! एकेक उघडून बघितली, एक म्हणून उघडेना. हजाराच्या वर! पाठ धरली माझी. आणि या घरात कुणाला दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत."

माझ्या भरतकामाच्या मशीनशिवाय त्या फायली कुठेच उघडत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. भाऊजी उठले. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला.

"आई, तुला फार कष्ट पडले. आम्ही आभारी आहोत."

ते बसले नाहीत, भावाकडे बघत राहिले. माझा नवरा उठला. "आभारी आहोत, आई." जाऊबाई उठल्या. मग तिघेही माझ्याकडे बघू लागले, आणि सासूबाईही, एक हात पाठीवर ठेवून, लहान मुलीसारख्या वाट बघत.

तीन दिवस जुळवलेली वाक्ये ओठांपाशी होती. मी उठले. पेला दोन्ही हातांनी धरला. ज्या माणसाला सत्तावीस वर्षे हसत आले, त्याच्या शेजारी मी त्याच्यासारखीच मान खाली घालून उभी होते.

"आई, दमलात तुम्ही," मी म्हटले. "आभारी आहे."

सासूबाईंचा चेहरा उजळला. माशाच्या पोटाचा तुकडा काढून त्यांनी माझ्या वाडग्यात घातला.

"पुढच्या वर्षी आणखी नीट करीन," त्या म्हणाल्या.