डावऱ्या हाताने गुंडाळलेली तार

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. माझी शाळा चौथीपर्यंतची, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. त्यात आजच घडलेलं लिहायला बसलेय. तळहातावर अजून तांब्याच्या तारेचा गारवा आहे!

सांगलीहून साताऱ्याला भावाकडे आले, आणि वहिनीने मला फौजेच्या शस्त्रप्रदर्शनाला ओढून नेलं. टेबलावर जुन्या बंदुका होत्या, दर गोळीमागे दांडा ओढावा लागणाऱ्या. त्यांतल्या दोन बंदुकांच्या पुढच्या लाकडावर तार गच्च गुंडाळून ती सुटू नये म्हणून कथलाचा डाख दिलेला. एकीची तार उजवीकडे वळत गेलेली, दुसरीची उलटी. ती उलटी तार पाहिली आणि मी तिथंच थबकले. माणूस गेल्यावर त्याचा हात असा मागे राहतो का?

माझे वडील, आबा, फौजेत बंदुका दुरुस्त करायचे, आणि ते डावरे होते. सुट्टीवर आले की खुरप्याची मूठ, पाळण्याची दांडी, माझा तडकलेला पाट, जे सापडेल त्याला तार गुंडाळायचे, आणि ती नेहमी उलटी वळायची. कशाला विचारलं तर एवढंच म्हणायचे, "फुटू नये म्हणून." मला वाटायचं, त्यांना लाकडाची फार माया!

गावात घरटी एक फौजी. पारावर ज्ञानूकाका, आबांचे चुलतभाऊ आणि त्यांच्याच पलटणीतले, डावा हात मांडीवर थापटून सांगायचे, "आमी बंदुकीच्या तोंडाला वाटी लावून बाँब फेकलं, आन् ह्यो गडी तारा गुंडाळत बसला!" सगळे हसायचे. आबाही हसायचे. मी मात्र घरात जाऊन रडायचे.

टेबलामागे एक हवालदार उभा होता. परक्या पुरुषाशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. सामान आवरायला सुरुवात झाली तशी वहिनीने कोपर मारलं. "विचारा की वन्सं! तोंड हाय का न्हाई?"

"आवं साहेब," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "ही तार कशापायी?"

हवालदार शिराळ्याकडचा निघाला. "मोठी लढाई संपल्यावर ह्या लय उरल्या, मावशी. पुढं नव्या बंदुका आल्या, तवा ह्यांना तार गुंडाळून बाँब फेकाय ठेवल्या. बाँब सुटताना असा दणका बसतो की लाकूड चिरतं, कवा नळीबी फुटते. डावा हात हितंच असतो बघा. तार नसती तर पंजा गेला असता."

म्हणजे आबा लाकूड राखत नव्हतेच! मी न विचारता तारेवर हात ठेवला. डावरे काय आबा एकटेच असतील? नसतील. पण माझ्या हाताला ओळख पटली, ती मी कुणापुढे सिद्ध करू?

तिथून तडक आमच्या गावी, ज्ञानूकाकांच्या ओसरीवर गेले. काका आता थकलेत, तरी मला बघताच त्यांनी डावा हात मांडीवर थापटला. "ये गं, तारवाल्याची लेक!"

आयुष्यभर गिळलेलं आज बाहेर आलं. "काका, ह्यो हात शाबूत हाय, त्यो कुणामुळं?" आणि हवालदाराने सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं.

काका कितीतरी वेळ आपला पंजा उलटा-सुलटा करून बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग हळूच म्हणाले, "तार हुती खरी माझ्या बंदुकीला. त्यो कवा बोलला न्हाई गं."

"तुमी हसायचा, म्हून आबाबी हसायचं."

काकांनी तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड, सुरकुतलेला, पाचही बोटांचा. तारेचा गारवा माझ्या तळहातावर होताच; वरून ही ऊब उतरत होती, आणि मला गारवा आणि ऊब, दोन्ही आबांचीच वाटली.