निळ्या हातांचा हेर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका, मलाच नीट कळलेलं नाही.

सोलापुरात तेव्हा मूकपट तंबूत दाखवत. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं काम माझं. पात्रं नुसते ओठ हलवत, शब्द मी घालायचे — मराठीत, मधूनच कानडी, तेलुगू, दखनी. लोक मला मास्तर म्हणत, आणि मी ते मिरवत असे.

त्या वर्षी इंग्रजांनी गावावर लादलेला लष्करी कायदा नुकताच उठला होता. धरपकड झालेली. पोलिसांना नावं कुणी दिली हे मात्र कळलं नव्हतं. चहाच्या दुकानात कुणी अनोळखी शिरला की माणसं बोलता बोलता बशीत बघू लागायची. अशा दिवसांत आमच्या मालकांनी चित्र आणावं कसलं? हेरांचं! एका विलायती हॉटेलात उतरलेले सगळेच हेर, प्रत्येकाचा डोळा दुसऱ्यावर — आणि म्हणे विनोदी.

चित्र कसं होतं म्हणाल, तर अर्धं झकास. टेबलाखाली एकमेकांचे खिसे चाचपणारे ते हेर बघून मीही पोट धरून हसलो. पण पुढं एका गरीब वाढप्यालाच सगळे हेर समजतात आणि हौदात बुडवतात — तेही हसतखेळत. ते मला खटकलं. अंगावर काटा यावा तिथं हे चित्र दात काढतं, असं मी मालकांना तोंडावर म्हणालो. म्हणजे मला कळत होतं. सगळं कळत होतं.

लोकांना मात्र ती परकी तोंडं काही केल्या जवळची वाटेनात. पहिल्याच खेळाला शिट्ट्या झाल्या, शेंगांची टरफलं माझ्या अंगावर आली. मी घाबरलो — फजितीला, दुसऱ्या कशाला नाही. पडद्यावर एक जाडा हेर सारखा रुमालाला हात पुसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे बघा, आपले निळ्या हातांचे पाव्हणे आले खबर काढायला!"

लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. निळ्या हातांचा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा होता. नरसय्या — सूत रंगवणारा, माझ्याच गल्लीतला. नीळ त्याच्या नखांत मुरलेली, म्हणून कुणाशी बोलण्याआधी तो खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचा. समोरच्याच्या कपड्याला डाग लागू नये, एवढंच त्यामागं.

ते हसणं तंबूतच राहिलं असतं तर? पण ते घरोघर गेलं, आणि जाताना त्यातली गंमत वाटेतच गळाली. नरसय्या दिसला की माणसं बोलत नसत. नुसते हात पुसत.

एका दुपारी तो तंबूत आला. आधी हात पुसले, मग बोलला.

"मास्तर, गंमत हुती म्हून सांगा की लोकास्नी. बायकूला आडावर पानी भरू दीनात. म्या कुनाचं नाव न्हाय दिलं. तुमाला तर ठाव हाय."

"सांगतो," मी म्हणालो. "आजच सांगतो."

सांगणारही होतो. पण त्या संध्याकाळी तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं चित्राला आली नव्हती — माझ्या त्या वाक्याला आली होती. जाडा पडद्यावर आला आणि सगळे एकदम गप्प झाले. पेटीवालासुद्धा थांबला. मागं कनातीशी नरसय्या उभा होता, बायकोला घेऊन; मी काय सांगतो ते ऐकायला. मला तो दिसला. हेच तर इतकी वर्षं गिळून बसलोय — मला तो दिसला होता.

मी तेच वाक्य म्हणालो. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

या वेळी कुणी हसलं नाही. सगळी डोकी मागं वळली. माणसं एकेक करून उठू लागली. नरसय्यानं पंचा खांद्यावरून ओढला आणि हात न पुसता तो बायकोच्या डोक्यावर धरला.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला तेव्हा पडद्यावर वाढप्याला बुडवत होते. मी आवाज चढवला आणि खेळ संपेपर्यंत गोष्ट सांगत राहिलो.

सकाळी नरसय्याच्या घराला कुलूप होतं. ती दोघं कुठं गेली, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. मीही नाही.