अकराव्या ओळीत सुटलेलं अक्षर

भुताखेताचा विषय निघाला की मी चहाचा कप उचलून आत निघून जाते, हे दारव्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हे लिहितेय...

कापसानं सगळ्यांचीच कंबर मोडली होती, त्या वर्षांतली गोष्ट. माझं छोटंसं सायबर कॅफे होतं. धाकटा भाऊ विनोद पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं परजातीत लग्न केलं, बाबांनी त्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. दोन वर्षं बोलणं बंद.

मला मात्र तो मेल करायचा, तेही कुलूपबंद. वाटेत कुणी वाचू नये म्हणून. माझ्या मशीनमधल्या किल्लीशिवाय, म्हणजे एका सांकेतिक फाइलशिवाय, नुसती इंग्रजी अक्षरं दिसायची, एका ओळीत चौसष्ट.

त्याचा शेवटचा मेल आला त्याच दिवशी तो अपघातात गेला. आणि माझं मशीन आठवडाभर आधीच व्हायरसनं बसलेलं, फॉरमॅट केलेलं... किल्ली गेली.

"माह्याबद्दल काही लिह्यलं काय त्यानं?" बाबा रोज विचारायचे. काय सांगणार, कपाळ!

एका दुपारी म्हणाले, "वाच."

"काय वाचू बाबा? नुसती अक्षरं हायेत."

बाबा यवतमाळच्या तार ऑफिसात तीस वर्षं होते. म्हणाले, "कापसाच्या जिनिंगवाल्यायच्या तारा अशाच गुप्त अक्षरात येत. वाच तू."

मी प्रिंट काढून वाचू लागले — मोठा एम, लहान क्यू... बाबांचं बोट खाटेच्या पाटीवर टकटक करत होतं. अकराव्या ओळीला ते बोट थांबलं. "एक अक्षर सुटलं. रिपीट."

खरंच सुटलं होतं! मोजत असतील, मी मनाशी म्हटलं.

वाचून संपलं आणि बाबा हमसून रडले. "पोळ्याले येतो म्हणते. दोघं. माही खोली उघडा म्हणते."

मला त्यांची फार कीव आली. त्यांनी कुलूप काढलं, स्वतः झाडू मारला, दोन गाद्या घातल्या. मी अडवलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विनोदची बायको, कविता, अचानक दारात उभी. सोबत त्याचा लॅपटॉप. पाठवलेला मेल त्याच्या स्वतःच्या किल्लीनंही उघडायचा. उघडला. वर लॅपटॉपनं दाखवलं — सही बरोबर, मजकुरात एका अक्षराचाही बदल नाही. खाली —

"ताई, पोळ्याला दोघं येतो. बाबांना म्हण, माझी खोली उघडा. माझा राग गेला."

लॅपटॉप घेऊन मी बाबांकडे धावले. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मले काहून दाखवून राह्यली? मी तर तवाच घेतली ती तार. सुनेले जेवाले वाढ."

पुढे मी पुष्कळांना विचारलं. तारेत मोठं-लहान अक्षर हा भेदच नसतो आणि किल्लीशिवाय असला मेल कुणाच्या बापाला वाचता येत नाही, असं सगळे सांगतात. माझ्या बापाला आला. कसा, ते आजही मला कळलेलं नाही. बाबा गेले, पण कविता दर पोळ्याला येते आणि त्याच खोलीत झोपते.