गोधडीचं बिल

बदलापूरच्या कुरिअर ऑफिसात माझा तिसरा हेलपाटा होता. माझं पार्सल हरवलं आणि विम्याचा क्लेमही नामंजूर, कारण पॅकिंग करतानाचा फोटो नाही. अरे, मिक्सर पाठवताना फोटो कोण काढतं?

माझ्यापुढे रांगेत जांभूळ गावच्या एक मावशी होत्या. नातीच्या बाळाला पाठवलेली त्यांची गोधडी हरवली होती. आईच्या लुगड्यांची, हातानं शिवलेली. काउंटरवरच्या माणसाचं एकच पालुपद, "मावशी, खरेदीचं बिल लागेल."

"आई जाऊन दहा वर्षं झाली. बिल काय स्वर्गात जाऊन आणू?"

"म्हणजे जुने कपडेच ना? त्यांना किंमत नसते."

"किंमत नव्हती, तर विमा कशाचा उतरवलास रे?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मावशींनी कनवटीतून हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला, तळहातावर ठेवून त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि काउंटरवर ठेवला. "ह्याचीच होती."

तो वरमला. "बरं, हा नमुना म्हणून फॉर्मला जोडतो," म्हणत त्यानं स्टेपलर उचलला.

मावशींनी झटकन तुकडा ओढून घेतला, घडी घातली आणि पुन्हा कनवटीला खोचला.

"राहू दे तुझा क्लेम," त्या म्हणाल्या. "आईचं आता एवढंच उरलंय."