आधी फेरी, मग बॉनेट

उस्तादांचा एक हट्ट होता. गाडी कुणाचीही असो, आधी शेजारच्या सीटवर बसून एक फेरी मारायची, मगच बॉनेट उघडायचं. "चालवून बघितल्याशिवाय गाडी लंगडतेय कुठे ते कळतं का?" असं ते म्हणत. कुणी घाई केली, की सरळ सांगत, "मग दुसरीकडे न्या."

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या काकू त्या दुपारी गॅरेजात आल्या त्या रडकुंडीलाच येऊन. दोन गॅरेजं झाली, प्लग बदलले, नाना उपाय झाले. व्हॅन उभी असली की शहाण्यासारखी चालू राहायची, निघाली की मान टाकायची. काल तर मुलांसकट भर चौकात बंद पडली. तीन घरांनी मुलं काढून घेतली होती.

"त्यात तुमची लेकही आहे, उस्ताद. नातीला आता ती स्वतः सोडते," काकू म्हणाल्या. "मेकॅनिकच्या मुलीनेच हात वर केले म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतील? माझी व्हॅन बसली म्हणून समजा."

उस्तादांना ते चांगलंच झोंबलं. लेकीने त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. "चला, फेरी मारू," एवढंच ते म्हणाले.

सिग्नलला थांबून काकूंनी पुन्हा व्हॅन काढली, तशी ती गचके खाऊन बंद पडली. उस्ताद चक्क हसले.

"सापडला चोर! निघताना जोर पडला की इंजिन कलतं, आणि तेवढ्यापुरता एखादा पाइप ताणून उघडा पडतो. उभ्या गाडीत कुणाला सापडणार?"

गॅरेजात इंजिन बंद करून त्यांनी एअर फिल्टरकडून येणारा जाड रबरी पाइप वाकवला. खालच्या घडीत बोटभर चीर होती. सोडला की मिटायची, वाकवला की आ वासायची.

"इथून चोरून हवा आत शिरते. गाडी पेट्रोल देते ते फिल्टरपाशी मोजलेल्या हवेपुरतं, ही चोरटी हवा हिशेबातच नाही, मग इंजिन पेट्रोलवाचून उपाशी राहणारच की!"

"चिकटपट्टी लावून द्या ना, सकाळी मुलांना न्यायचंय."

"चिकटपट्टी? अहो, लेकरं बसणार तिच्यात!" उस्ताद कडाडले. त्यांनी दुकानातून नवा पाइप मागवला, बसवला, क्लॅम्प आवळले. मग पुन्हा फेरी झाली, चढावर, सिग्नलला, मुद्दाम थांबत थांबत. व्हॅन एकदाही अडखळली नाही.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. "उद्यापासून पिल्लू व्हॅननेच जाईल."

"बाबा, परत बंद पडली तर?"

"नाही पडणार. मी बघितलीय."

"आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं," लेक म्हणाली.

"मग विचारायचंस की, बाई!"

सकाळी उस्ताद स्वतः लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. व्हॅन आली. नात पायरीवर रेंगाळली, आणि कित्येक दिवस दबलेला काकूंचा आवाज गल्लीभर घुमला, "बघतेस काय? चढ पटकन!"

उस्तादांना मनापासून बरं वाटलं. तेवढ्यात समोरच्या घरातून एक आई दप्तर अर्धवटच भरलेल्या पोराला ओढत धावत आली.

"काकू, थांबा! आमचाही येतोय!"