डोंगरावरून पितेश्तीला

आमच्या सिबिउ शहरातून पितेश्तीला जायला नदीच्या काठाने सरळ रस्ता आहे. ट्रक, बस, सगळी दुनिया त्याच रस्त्याने जाते. पण आमच्या गल्लीतल्या सिमियोनसमोर त्या रस्त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "तो काय रस्ता आहे? ट्रकांचं गटार आहे ते!" म्हणायचा. त्याला जायचं होतं फागाराशच्या डोंगरावरून. वळणावळणांनी चढत जायचं, माथ्यावरच्या तलावाशी थांबून डबा खायचा, मग बोगद्यातून पलीकडे उतरून धरणाच्या भिंतीवरून पितेश्ती गाठायचं, आणि तेसुद्धा लेकीला शेजारी बसवून. या प्रवासाची आखणी त्याने इतकी वर्षं केली की त्याच्या बायकोला, वेताला, तो रस्ता तोंडपाठ झाला. तिने तो एकदाही पाहिलेला नव्हता.

तो डोंगर आमच्या गल्लीच्या टोकावरून दिसतो, म्हणजे काही फार लांब नाही. सिमियोन तर सैन्यात सक्तीची नोकरी करायला गेला तेव्हा त्याच रस्त्याच्या कामावर होता. पोरसवदा शिपाई होता, खडकाला भोकं पाडायची, सुरुंग भरायचे आणि पळायचं. तेव्हा रस्ता नव्हताच, नुसता धुरळा होता. पुढे रस्ता झाला, पण याच्याकडे गाडी नव्हती. गाडी आली तर पेट्रोल मिळेना. पेट्रोल मिळायला लागलं तोवर कारखाना बंद पडून नोकरी गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, तसलंच सगळं. आणि मग क्रिना, एकुलती एक लेक, इटलीला गेली, पादोव्हा शहरात एका श्रीमंत म्हातारीची देखभाल करायला. तेव्हापासून सिमियोनने मनाशी धरलं की जायचं ते तिला घेऊनच. "आपल्या बापाने हा डोंगर फोडलाय, हे तिला कळू दे. नाहीतर तिकडे परक्यांची धुणीभांडी करून तिला वाटायचं, आपण कुणाचेच कुणी नाही."

वेता स्वतः मोज्यांच्या कारखान्यात होती. उभा जन्म यंत्राच्या खडखडाटात गेला, त्यामुळे थोडं मोठ्याने बोलायची आणि कमी बोलायची. नवऱ्याने बोलायचं आणि हिने मान हलवायची, असा त्यांचा संसार. तिला स्वतःला काय हवंय हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिला हवं होतं एवढंच, की या माणसाचा तो रस्ता एकदाचा होऊन जाऊ दे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा नकाशा उचलून तिथे नीट कणीक मळता येईल.

बाहेर गेलेली पोरं ऑगस्टमध्ये घरी येतात, मेरीमातेच्या सणाच्या आगेमागे. सगळी गल्ली परक्या नंबरांच्या गाड्यांनी भरते. क्रिनाही यायची. पण तिचे दिवस आल्याआल्याच वाटले जायचे. दात इथे स्वस्तात होतात म्हणून दातांचा डॉक्टर, मग सरकारी कचेऱ्या, मग कुणाचं लग्न, कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा. निघायच्या आदल्या दिवशी ती बापाच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की, बाबा. रस्ता काय पळून जातोय?"

"रस्ता नाही पळत," सिमियोन म्हणायचा, "तूच पळतेस."

पण हसून म्हणायचा. आणि वसंत आला की पुन्हा नकाशा पसरायचा. वरचा रस्ता बर्फामुळे वर्षातला बराच काळ बंद असतो, तो कधी उघडणार यावर रेडिओला कान लावून बसायचा.

मग डोळे बिघडले. आधी बिचाऱ्याला वाटलं, दिवा बारीक झालाय. मग दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. वेता त्याला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई चांगली होती, पण खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "गेलेलं परत येत नाही. राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. जे बघायचं असेल ते बघून घ्या, आजोबा."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सिमियोनने वेताचा दंड धरला. तिला वाटलं, रडतोय. तो म्हणाला, "क्रिनाला सांगायचं नाही."

यात त्याचं काही जगावेगळं नव्हतं. आमच्याकडे ही रीतच पडून गेलीय. बाहेर असलेल्याला वाईट बातमी द्यायची नाही. लेकरू एकटं आहे, परक्या घरात आहे, रडून काम बिघडलं तर मालकीण दारात उभं करायची नाही. पलीकडच्या फ्लोआरेयाने नवऱ्याला पुरलं, चाळीस दिवसांचं जेवण घातलं आणि मग पोराला स्पेनला फोन केला. सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं. बाई खंबीर म्हणाले! त्यामुळे दर रविवारी क्रिनाचा फोन आला, की ती विचारायची, "काय चाललंय?" आणि इकडून दोघं एका सुरात सांगायची, "सगळं छान." तीही म्हणायची, "माझंही छान." कोण कुणाला फसवत होतं देवाला ठाऊक.

मागच्या उन्हाळ्यात सिमियोनला निम्मं तरी दिसत होतं. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. डोंगर दिसायचा, मोठ्या गोष्टी दिसायच्या. नकाशा दिसत नव्हता, म्हणून वेता तो मोठ्याने वाचायची. एकेक वळण, धबधबा, चढ, तलाव. तो डोळे मिटून पाठ करायचा. "यंदा जायचंच," तो म्हणाला. "यंदा नाही तर संपलं."

आणि जुलैत क्रिनाचा फोन आला. म्हातारी पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. तिच्या घरचे क्रिनाला म्हणत होते, ऑगस्टभर थांब, जास्तीचे देतो.

"काय करू, आई? तूच सांग," क्रिना म्हणाली. "बाबांचं ते रस्त्याचं खूळ आहे, माहितीये मला. काही अडलं असेल तर सांग, मी सगळं टाकून येते. खरंच येते."

फोन वेताच्या कानाला होता. सिमियोन दारात उभा. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि डोकं हलवलं, नाही, नाही. वेताच्या तोंडात शब्द आला होता. गिळला तिने. आयुष्यभर मान हलवायची सवय, ती एका दिवसात जाते थोडीच?

"काही अडलेलं नाही गं," ती म्हणाली. "तू थांब तिकडे. रस्ता काय पळून जातोय?"

"नक्की ना, आई?"

"अगं नक्की. सगळं छान आहे."

फोन ठेवल्यावर सिमियोन म्हणाला, "शाब्बास," आणि जाऊन खिडकीशी बसला. संध्याकाळपर्यंत डोंगराकडे बघत बसला होता. वेताने त्याला हाकही मारली नाही. त्या हिवाळ्यात राहिलेलं निम्मंही गेलं. उजेड आणि अंधार एवढंच उरलं. सकाळी उठून तो विचारायचा, "पडदा ओढलायस का?" आणि पडदा उघडाच असायचा.

यंदाच्या ऑगस्टमध्ये क्रिना आली, स्वतःची गाडी चालवत, डोळे तारवटलेले. वेताने तिला गाडीतून उतरतानाच गाठलं. "बाबांचे डोळे आलेत, जवळ जाऊ नकोस फार. आणि दमलीयस, आधी झोप." घरात सिमियोन कुठे अडखळत नव्हता, घर पायाखालचं. जेवताना वेताने काटा त्याच्या बोटांशी सरकवला. क्रिना डुलक्या काढत जेवली, तिच्या काही ध्यानात आलं नाही. झोपायला जाता जाता म्हणाली, "बाबा, उद्या डोंगर. आता मी नाही म्हणणार नाही. दात, कचेऱ्या, सगळं मरू दे."

वेता स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग मटणाचे पातळ काप कुटून, अंड्यात बुडवून तळायला घेतले. प्रवासाला आमच्याकडे ते लागतातच.

सकाळी सिमियोन लग्नातला कोट घालून पुढच्या सीटवर बसला. बसल्याबसल्या हुकूम सोडला, "काचा वर घ्या. वारं लागलं तर आठवडाभर मान धरते." बाहेर ऊन पेटलेलं, आत तीन माणसं आणि तळलेल्या मटणाचा वास. क्रिना घामाने भिजली, पण वाऱ्याच्या बाबतीत आमच्याकडे म्हाताऱ्यांशी वाद घालत नाहीत.

रस्ता जंगलात शिरला आणि सिमियोनची जीभ सुटली. "आता उजवीकडे ओढा. आता चढ लागेल. जरा पुढे डावीकडे वर बघ, धबधबा." आणि खरंच धबधबा! क्रिना चाट पडली. "बाबा, तुम्ही तर वाटाड्याच झालात!" तो लहान मुलासारखा फुलला. मागे बसलेल्या वेताच्या मनात आलं, जमतंय की. कदाचित जमून जाईल. दिवस पार पडेल आणि पोरीला काही न कळता तिची तिकडे पाठवणी करता येईल. असा विचार करणारी आई म्हणजे काय म्हणावं! पण तिने केला तो विचार.

माथा जवळ आला आणि ढग खाली उतरले. एका वळणाला ऊन होतं, पुढच्या वळणाला पांढरं. मग इतकं पांढरं, की गाडीचं नाकही दिसेना. क्रिना दात आवळून गाडी हाकत होती. शेवटी गाडी थांबली. बाहेर कणसं आणि धुरावलेलं चीज विकणाऱ्या बायकांच्या हाका. माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज. वेताने तोंड उघडलं, "काय मेलं हे धुकं," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात सिमियोन बोलला.

"आला! आला तलाव! बघ, क्रिना, बघ, केवढं निळं पाणी!" बोट समोरच्या काचेवर टेकवलेलं. "आणि तो वरचा बर्फ बघितलास? ऑगस्ट आहे, तरी बर्फ! तिथेच, त्या सुळक्याखाली सुरुंग लावायचो आम्ही."

क्रिना हसली. "काय हो बाबा, सकाळी सकाळी चेष्टा..."

मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत नव्हता. भरून आलं होतं त्याला. पांढऱ्याफटक काचेकडे बघत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. क्रिनाने हात वर केला आणि त्याच्या डोळ्यांसमोरून सावकाश फिरवला. पापणी हलली नाही.

"दिसला ना?" त्याने विचारलं.

"दिसला, बाबा," क्रिना म्हणाली. "किती निळा आहे. तुम्ही बसा, वारं आहे बाहेर. आम्ही कणसं आणतो."

बाहेर धुक्यात दोन पावलं गेल्यावर तिने आईचा हात धरला. दुखेल इतका घट्ट.

"कधीपासून?"

"काचबिंदू आहे गं. मागच्या उन्हाळ्यात निम्मं दिसत होतं."

"मागच्या उन्हाळ्यात मी तुला फोनवर विचारलं होतं."

"बाबाच नको म्हणाले. दारात उभे राहून..."

"मी तुला विचारलं होतं, आई! त्यांना नाही, तुला! विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंस."

"मी आले असते." क्रिनाचा आवाज फाटला. "तुझ्या एका शब्दावर आले असते. तिकडे परक्या बाईच्या डोळ्यांत मी रोज थेंब घालते. चुकला तर घरचे ओरडतात. आणि माझा बाप... मी आले असते गं आई!"

पोरीला त्रास नको म्हणून, हे खरं होतं, पण इथे ते म्हणायला वेताची जीभ रेटेना. तिला वाटलं, ही आपल्याला मारेल तर बरं. क्रिनाने मारलं नाही. तिने हात सोडला आणि जाऊन तीन कणसं घेतली.

गाडीत सिमियोन कणीस खाताखाता म्हणाला, "आता बोगदा. मग पलीकडची दरी. वेता, आठवतंय ना? तिथून म्हणे रस्ता खालपर्यंत अख्खा दिसतो."

बोगदा लांब होता, गळका, काळोखा. त्या काळोखातून गाडी बाहेर पडली आणि उन्हात आली. डोंगराच्या या बाजूला ढगाचा मागमूससुद्धा नव्हता. हिरवी दरी तळापर्यंत उघडी पडलेली, मेंढ्यांचे कळप, आणि खाली खाली वळत गेलेला तो रस्ता, सगळाच्या सगळा. वेताने तो पहिल्यांदा पाहिला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार सुंदर होता, आणि त्याचाच तिला राग आला.

"मघापासून मीच बडबडतोय," सिमियोन म्हणाला. "आता तू सांग, क्रिना. काय काय दिसतंय?"

क्रिनाने गाडी कडेला घेतली. तोंड उघडलं. एकदा, दोनदा. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"धुकं आहे, बाबा," ती म्हणाली. "इकडे खूप धुकं आहे. कुणालाच काही दिसत नाहीये."

समोरच्या काचेतून येणारं ऊन सिमियोनच्या मांडीवर पडलं होतं. त्याचा हात त्या उन्हात होता. वेताला मागून दिसलं, त्याने बोटं हलवली, उलटा हात सुलटा करून ऊब तळव्यावर घेतली.

"असेल," तो म्हणाला. "डोंगरातली हवा, तिचा काय भरवसा."

मग त्याने हात उन्हातून काढला आणि कोटाच्या खिशात घातला.